ऐंशी घोड्यांची गाडी आणि एक तट्टू

पहिल्या सेमिस्टरपासून आपण एक गोष्ट पाठ करत आलो आहोत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. व्हायवाच्या दिवशी कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी आपण सांगू. पण परवा मी सहज आमच्या मजल्यावर खोल्या-खोल्यांत जाऊन विचारलं की बाबांनो, ज्याच्या नावानं हे एकक चाललंय त्या जनावरावर तुमच्यापैकी बसलंय कोण? अख्ख्या मजल्यावर तीन जण निघाले. एकाला लहानपणी मामाच्या लग्नात नवरदेवाच्या पुढ्यात बसवलं होतं आणि ताशा वाजल्याबरोबर त्यानं भोंगा पसरला होता. दुसरा सहलीत माथेरानला बसला होता. तिसरा मी. माझी गोष्ट पुढे येईल.

तसं पाहिलं तर जेम्स वॅटनंही हा आकडा काढला तो घोड्याच्या प्रेमापोटी नाही. त्याला इंजिनं विकायची होती. गिऱ्हाइकांकडे घोडे होते, त्यामुळे 'हे यंत्र तुमच्या इतक्या घोड्यांचं काम करील' असं सांगितलं की सौदा लवकर पटायचा. म्हणून एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणारा घोडा त्यानं कागदावर उभा केला. यंत्र विकलं गेलं, खरा घोडा तबेल्यातून गेला आणि आपल्या पाठ्यपुस्तकात नुसतं नाव उरलं.

हा विषय डोक्यात शिरला तो कॉमन रूममध्ये पाहिलेल्या एका फिल्ममुळे. रविवारी मेस बंद, बाहेर खाऊन आलेले पोट्टे आडवे पडलेले, आणि कोणीतरी लॅपटॉप टीव्हीला जोडून आफ्रिकेतल्या घोड्यावरच्या सफारीची फिल्म लावली. बोत्सवानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस काही महिन्यांनी इथे पोचतो, तोही ऐन कोरड्या दिवसांत, आणि समुद्राला न मिळता कलहारीच्या वाळूत जिरून जातो. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं ते हजारावं स्थळ ठरलं. त्या पुराच्या पाण्यातून सात-आठ घोडेस्वार चाललेले. पाणी घोड्याच्या पोटाला लागलेलं. शेजारून एक जिराफ मान वाकडी करून पाहतो आणि पुन्हा पाला ओरबाडायला लागतो. दिवसाला पाच-सहा तास खोगिरावर, रात्री तंबू, दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम. असं आठवडाभर.

फिल्म संपल्यावर खोलीत एकदम शांतता. मग एक जण म्हणाला, "मले तं वाटते आपनही जाऊ एक डाव."

"पहिले एमथ्री काढ बे, मंग आफ्रिका," दुसऱ्यानं सांगितलं, आणि सभा बरखास्त.

मी मात्र दोन-चार दिवस त्याच्याच मागे लागलो. या सफारीचे नियम वाचले तर मजा वाटली. नवख्याला नेतच नाहीत. चालणं, दुडकी, भरधाव, या सगळ्या चालींत घोडा ताब्यात ठेवता आला पाहिजे, कारण सिंह किंवा चिडलेला हत्ती समोर आला तर वाटाड्या सांगेल तेव्हा थांबायचं आणि सांगेल तेव्हा सुटायचं. स्वाराच्या वजनाला मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी नव्वद-पंचाण्णव किलोच्या आसपास. पुढे एक वाटाड्या, मागे एक राखणदार. रात्री घोडे बांधतात त्यांच्याभोवती माणसं जागी ठेवतात, कारण सिंहाला घोडा म्हणजे झेब्राच. आणि पैसे? दिवसाला काही शे डॉलर. आपल्या वर्षाच्या मेस बिलात दोन-तीन दिवस निघतील, तेसुद्धा विमानाचं तिकीट सोडून.

लोक एवढे पैसे कशासाठी देतात? नुसतं थरारासाठी म्हणावं तर जीपमधून सिंह जास्त जवळून दिसतो. माझ्या मते कारण साधं आहे. घोड्यावर बसलेला माणूस जंगलात आणखी एक चरणारं जनावर म्हणून शिरतो. चार पाय, घोड्याचा वास, इंजिनाची घरघर नाही, म्हणून हरणं आणि झेब्रे त्याला आपल्यातलाच धरून चालतात. त्यातून आपल्या खाली एक जिवंत जनावर असतं. त्याचे कान कुठे वळले, ते का बिचकलं, हे सतत पाहावं लागतं. मोबाईल काढायला हातच मोकळे नसतात. जीपमध्ये आपण प्रेक्षक असतो. घोड्यावर आपली गणती खाणाऱ्यांत होते का खाल्ल्या जाणाऱ्यांत, हे नक्की नसतं.

'सफारी' हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण तो स्वाहिली आहे. अरबीतल्या 'सफर'वरून आलेला, अर्थ प्रवास. तोच 'सफर' फारसीच्या वाटेनं आपल्या मराठीतही आला. म्हणजे शब्द एकच, एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि एक आपल्या बखरींत. आपण मात्र घरचा शब्द टाकून दिला आणि तिकडचा जिप्सीला लावला.

आता या फिल्ममधलं न दिसणारं. आफ्रिकेच्या मोठ्या भागात घोडा कधी टिकलाच नाही. त्सेत्से नावाची माशी चावते आणि 'नगाना' नावाच्या रोगानं घोडे, बैल झुरून मरतात. दुसरा रोग आफ्रिकन हॉर्स सिकनेस, बारीक चिलटांमार्फत पसरणारा. १८५४-५५ च्या साथीत दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत सत्तर हजारांच्या आसपास घोडे गेले. हाच रोग १९६० मध्ये आपल्या देशातही येऊन गेला. झेब्र्याला त्याचं फारसं काही होत नाही, पण झेब्रा खोगीर घालू देत नाही. मग या प्रवासांत सामान कोणी वाहिलं? माणसांनी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा ते स्वतः घोड्यावर होते आणि सोबत अडीचशेच्या आसपास हमाल-वाटाडे पायी होते. फोटोत घोडा आणि साहेब येतात. डोक्यावर पेट्या घेऊन चालणाऱ्यांची नावं आपल्याला कोणी सांगत नाही.

हे वाचून मला थेट आपला गाविलगड आठवला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबरला आमच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला म्हणून पुस्तकं त्याचीच. पण किल्ला घ्यायला उत्तरेची बाजू हवी होती, आणि त्या बाजूला जड तोफा पोचवण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला मेळघाटाच्या डोंगरातून वाट नव्यानं काढत काढत तोफा हातांनी ओढाव्या लागल्या. घोडदळ, बैल, सगळं असूनही. शेवटी माणसांची पाठच कामाला आली. चिखलदऱ्याला जाऊन आपण किल्ल्यावर सेल्फी काढतो आणि मक्याचं कणीस खाऊन परत येतो. त्या तोफा त्या बाजूला आल्या कशा, हा प्रश्न निदान मेकॅनिकलवाल्यांना तरी पडायला हवा होता.

असो. फिल्मच्या पंधरा दिवसांनी आम्ही सहा जण मेळघाटात गेलो. आफ्रिका नाही तर नाही, पण अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, आणि तिथून घाट लागला की जंगलच आहे. देशात १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. हे किती जणांना माहीत आहे? आपल्याला मेळघाट माहीत आहे ते पेपरातल्या कुपोषणाच्या बातमीतून नाहीतर चिखलदऱ्याच्या भजीतून.

जिप्सी ठरवली. तीन तास. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. नियम बरोबरच आहेत, माझी तक्रार नाही. उतरू दिलं असतं तर आमच्यातल्या दोघांनी पहिल्या वळणावरच रील काढायला घेतलं असतं. जुन्या जिप्सीचं इंजिन ऐंशी हॉर्सपॉवरचं. म्हणजे वॅटच्या हिशेबानं ऐंशी घोडे आम्हा सहा जणांना ओढत होते आणि तरी आम्हाला जंगलातलं काही समजत नव्हतं. दोन रानगवे दिसले, एक मोर, आणि धुळीत वाघाचा पंजा. पंजाचे फोटो अकरा निघाले.

सोबत गाईड होता, आमच्याच वयाचा कोरकू पोरगा. तो गाडीत उभा राहून सारखा खाली पाहायचा. एका ठिकाणी म्हणाला, अस्वलानं वारूळ फोडलंय, काल रात्रीचं आहे. आम्हाला मातीचा ढीग दिसला. पुढे एका झाडाच्या सालीवर ओरखडे दाखवले. गाडी तेवढ्यात पुढे गेली. मी विचारलं, "काल रात्रीचंच कशावरून?" तो हसला. "साहेब, खाली उतरता आलं असतं तं दाखवलं असतं."

मला हे वाक्य फार लागलं. त्या पोराजवळ जे होतं ते शिकायला आम्ही फी भरून कॉलेजात चार वर्षं घालवली तरी मिळायचं नाही, आणि ते ज्ञान तीस किलोमीटरच्या वेगानं मागे पडत होतं. मारुती चितमपल्ली आयुष्यभर रानात पायी हिंडले, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात उपसंचालक होते, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांनी मराठीला पाखरांची, झाडांची किती नावं दिली! पण ती नावं त्यांनाही रानातल्या माणसांकडूनच मिळाली होती, आणि तेही चालता चालता. गाडीतून कोणी कोणाला नावं सांगत नाही.

परतताना कळलं की या गाईडचे नातेवाईक खाली अकोट तालुक्यात पुनर्वसनात आलेले. हे मला घरचं, कारण माझं गाव अकोटकडचंच. मेळघाटातली कितीतरी गावं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठून आमच्याकडे सपाटीवर आली. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाटकडच्या लोकांनी परत जंगल गाठलं होतं, त्यावरून मोठा संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. कोण बरोबर कोण चूक हे एका पानात सांगता येणार नाही, आणि मला ते पूर्ण समजलंय असंही नाही. वाघाला मोकळी जागा लागते हे मला पटतं. पण ज्यांना जंगल पायाखालून माहीत आहे ते खाली कापूस वेचायला, आणि ज्यांना काहीच माहीत नाही असे आम्ही सहा जण वर जिप्सीत, ही अदलाबदल मला नीट वाटली नाही. वाटत नाही.

आता माझ्या घोड्याची गोष्ट.

मी दुसरी-तिसरीत असेन. दिवाळी होऊन कापसाचा पहिला-दुसरा वेचा झाला की आमच्या शेतात मेंढरं बसायची. मेंढपाळ खानदेशाकडचे, पायी येणारे. शे-दोनशे मेंढ्या दोन-चार रात्री वावरात बसवल्या की शेताला खत व्हायचं, आणि आबाजी त्यांना त्याबद्दल ज्वारी द्यायचे. सोबत त्यांची तीन तट्टं असायची. मला मेंढ्यांपेक्षा त्यांचंच वेड. एका तट्टावर अख्खं बिऱ्हाड: बाज उलटी बांधलेली, तिच्यात भांडी, घोंगड्या, वर दोन कोंबड्या पायाला दोरी लावून, आणि एका बाजूच्या झोळीत आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू. तट्टू लहानखुरं, पोट सुटलेलं, दिसायला अगदीच साधं. पण बांधावरून, नाल्यातून, काटेरी कुंपणाच्या फटीतून असं पाय टाकायचं की एक भांडं वाजत नसे.

एकदा त्यांच्या पोरानं मला उघड्या पाठीवर बसवलं. तट्टू दहा पावलं नीट चाललं, मग त्याला हरभऱ्याचा घाटा दिसला, त्यानं मान खाली घातली आणि मी मानेवरून घसरत थेट हरभऱ्यात. आबाजी हसले. तट्टानं घाटा खाल्ला. एवढाच माझा अश्वारोहणाचा अनुभव.

फिल्म पाहताना मला हे आठवलं नव्हतं. जिप्सीतून उतरताना आठवलं. आठवडाभराची घोड्यावरची सफर, रोज नवा मुक्काम, रात्री जनावरांभोवती राखण, पुढे वाटाड्या मागे राखणदार, हे सगळं आमच्या बांधावरून दर वर्षी जात होतं. आठवडाभर कसलं, आठ-आठ महिने. ओकावांगोत ज्यासाठी डॉलर मोजतात ते इथे लोक जगण्यासाठी करतात, आणि आपण त्यांना काय म्हणतो? मेंढरं आली, पऱ्हाटी सांभाळा. वनखात्याच्या हद्दीजवळ गेले की दंड, गावात आले की भांडण, आणि सडकेवर आले की आपण बसमधून हॉर्न वाजवणार.

शाळेत आपण छाती फुगवून भीमथडीच्या तट्टांचं नाव घेतो. आपल्या राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे. मराठ्यांचं घोडदळ याच काटक दख्खनी घोड्यांवर उत्तरेत गेलं. ती तट्टं संपली असं मला वाटायचं. संपली नाहीत. ती मेंढपाळांकडे होती, बाज आणि कोंबड्या वाहत. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की भीमथडीला देशातली घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे ज्या वारशाचे आपण पोवाडे गातो तो कोणी टिकवला, तर ज्यांना आपण वावरातून हाकलतो त्यांनी.

म्हणून आता माझं मत मांडतो. आवडलं नाही तर मेसमध्ये भेटा.

आपल्याकडेही घोड्यावरची जंगल सफारी सुरू करा, असं अधूनमधून कोणी म्हणतं. पर्यटन वाढेल, रोजगार येईल वगैरे. माझं म्हणणं, मेळघाटाच्या गाभ्यात घोडा नेऊच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावर चारता येत नाही आणि अभयारण्यात लस टोचल्याशिवाय ते नेता येत नाही. हा नियम कागदी नाही. पाळीव जनावरांचे रोग रानात जातात आणि रानातले गावात येतात. घोड्याचा 'सर्रा' हा रोग चावऱ्या माशांमार्फत पसरतो. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या डॉक्टरला १८८० मध्ये आपल्याच उपखंडात, डेरा इस्माईल खान इथे सापडला, नगानाच्या जंतूचा तो सख्खा भाऊ. दुसरं म्हणजे एका जागी घोडे फार झाले की काय होतं ते माथेरानला जाऊन पाहा. लाल मातीच्या वाटा खुरांनी उकरल्या जातात आणि पहिल्या पावसात लीद वाहत सुटते. मेळघाटातल्या खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या तापीला मिळतात. त्यांच्या काठी तबेले नकोत.

आणि तिसरी अडचण गणिताची, ती मी जर्नलच्या मागच्या पानावर सोडवून पाहिली. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्के भार द्यावा, हा जगभरच्या घोडेवाल्यांचा ढोबळ नियम. आफ्रिकेतल्या सफारीचा घोडा ४८० किलोचा धरा, तर भार ९६ किलो. वजनाची मर्यादा पंचाण्णवच्या घरात का, हे इथे कळलं. आता आपलं तट्टू घ्या. २५० किलो धरलं तर भार ५०. खोगिराचे आठ-दहा वजा करा, उरले चाळीस. मी हे खोलीत जाहीर केलं तेव्हा माझा रूममेट, वजन ब्याऐंशी, पोहे खात होता. कोणीतरी म्हणालं, "ह्याले बसवलं तं तट्टू इन्शुरन्स मागन." मग मराठे कसे बसायचे? ते अंगानं सडसडीत होते आणि सोबत सामान थोडं ठेवायचे. घोड्यांचं पुढे काय व्हायचं याचा हिशेब मात्र बखरींत मिळत नाही.

पण तेच समीकरण उलटं मांडा. पन्नास किलो भाराला माणशी बारा किलो सामान धरलं तर चार जणांचे अठ्ठेचाळीस होतात. तंबू, तांदूळ-डाळ, पातेलं, घोंगड्या. एक तट्टू चार जणांचं बिऱ्हाड आरामात नेतं. आपण पायी. म्हणजे मेंढपाळ शेकडो वर्षं जे करतात तेच बरोबर निघालं, आणि आपल्याला तिथे पोचायला कॅल्क्युलेटर लागला.

वाटही मी पाहून ठेवली आहे. जंगलाच्या आत शिरायचं नाही, पायथ्यानं जायचं. नरनाळ्याच्या पायथ्यापासून निघायचं, डोंगर डाव्या हाताला ठेवायचा, अंजनगावच्या वरच्या अंगानं पानमळे, संत्र्याच्या बागा बघत गाविलगडाच्या पायथ्याला पोचायचं. सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर, गाडीवाटांनी पन्नासच्या पुढे. चार दिवस. अडगाव, गाविलगड, आणि ३० डिसेंबर १८०३ ला जिथे तह झाला ते सुर्जी-अंजनगाव, हे सगळं या पट्ट्यातच घडलं. रात्री गावात किंवा वावरात मुक्काम. तट्टाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं, तेव्हा मुक्काम विहिरीजवळ. वाटाड्या कोरकू पोरगा, तट्टू मेंढपाळाचं, आणि दोघांनाही रोजचा रीतसर मोबदला. पुनर्वसनातल्या गावात एक मुक्काम झालाच पाहिजे, नुसतं पाहून यायला नाही, जेवायला आणि ऐकायला. जंगल गाडीतून पाहणाऱ्यांनी खाली आलेल्यांची दोन वाक्यं तरी ऐकून घ्यावीत.

कोणी म्हणेल, यात जंगल कुठे आहे? जंगल त्या पायथ्यालाही येतं. बिबट्या उसात, संत्र्यात फिरतो, रानडुकरं हरभरा खातात, नीलगाय म्हणजे आमची रोही तर घरचीच. श्रावणात धारगडच्या यात्रेला आमच्याकडचे म्हातारे-कोतारे मेळघाटातून अनवाणी जातात, त्यांना कोणी साहस शिकवलेलं नाही. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद होईपर्यंत धूळघाटच्या वळणावर गाडी इतकी हळू चालायची की आबाजी म्हणत, खिडकीतून झाडाची साल वाचता यायची. एवढाच वेग हवा आहे मला. चालत्या तट्टाचा.

पीएलमध्ये गावी गेलो तेव्हा मेंढरं आलेली होती. आबाजी आता नाहीत, व्यवहार बाबा पाहतात. तट्टं दोनच उरलीत, एक जागी आता जुनी मोटरसायकल आहे. ज्या पोरानं मला हरभऱ्यात पाडलं होतं तोच आता बिऱ्हाडाचा कारभारी. त्याला मी सगळं सांगितलं, आफ्रिका, ओकावांगो, माझं वीस टक्क्यांचं गणित. त्यानं ऐकून घेतलं. पन्नास किलोला हो म्हणाला, पण चढावर दहा कमी करा म्हणाला. पैशाचंही जुळेल म्हणाला. मग त्यानं एकच विचारलं, "रात्री जागायचं कोणी? तट्टू बांधलेलं असतं. बिबट्या आला तर त्याला पळता येत नाही. आम्ही पाळीनं जागतो. तुमच्यातलं कोण जागंल?"

मी म्हटलं, आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो. त्याला सबमिशन काय ते सांगावं लागलं. त्यावर त्यानं फक्त मान हलवली.

तेव्हा चार नावं हवी आहेत, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी. दोन मिळाली आहेत. त्यातला एक माझा रूममेट, जो पहाटेच्या तीन अलार्मांना उठत नाही.